खांदेकरी

पेट्या उघडायच्या होत्या. मालक गेला होता. त्याचं सामान परमुलखात पडलं होतं, आणि उद्या कुणी विचारलंच तर काय होतं नि काय नव्हतं याचा लेखी हिशोब हातात असायला हवा होता. म्हणून साठेक माणसं गोलाकार उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत पत्र्याच्या पेट्यांची झाकणं उघडली गेली. घड्याळं, मोजणीची उपकरणं, वह्या, कपडे, बायबल. एकेक वस्तू वर काढली जाई, नाव उच्चारलं जाई, आणि एक तरुण ते मेलेल्या माणसाच्याच वहीत टिपून घेई. इतकं नेटकं इंग्रजी लिहिणारे त्या तांड्यात फार नव्हते. त्याचं नाव जेकब वेनराइट. तो शिकला होता नाशकात.

हे घडलं मे १८७३ मध्ये, आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशात, बंग्वेउलू सरोवराच्या दलदलीपलीकडे, चितांबो नावाच्या सरदाराच्या गावाजवळ. गेलेला माणूस होता डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. नाईल नदीचा उगम शोधत, आणि गुलामांचा व्यापार डोळ्यांनी पाहून जगाला सांगत, तो सात वर्षं त्या मुलखात चालत होता. शेवटचे काही दिवस त्याला चालवत नव्हतं. माणसांनी त्याला डोलीतून इथवर आणलं, गवताची झोपडी बांधून दिली. पहाटे चारच्या सुमारास उशाशी झोपणारा पोरगा घाबरून तांड्यातल्या सुसीला उठवायला आला. सुसी, चुमा, मॅथ्यू आणि आणखी दोघंतिघं आत गेले. पलंगाशेजारी लिव्हिंग्स्टन गुडघ्यांवर होता, डोकं उशीवर, चेहरा दोन्ही हातांत. ते थोडा वेळ थांबले, कारण प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्येच हाक मारायची नसते. मग एकानं गालाला हात लावला. गाल थंड होता. हॉरेस वॉलर या पाळकानं चुमा आणि सुसी यांच्या तोंडून ऐकून ही हकिकत पुढच्याच वर्षी पुस्तकात लिहून ठेवली.

या मृत्यूवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गुडघ्यांवर मेलेल्या माणसाचं चित्र चर्चच्या व्यासपीठावरून शंभर वेळा सांगितलं गेलं. मला त्याच्यानंतरची गोष्ट सांगायची आहे. गुडघे टेकणारा गेला, आता उभं कुणी राहायचं, हा त्या पहाटेचा खरा प्रश्न होता.

पण आधी नाशिक.

जुन्या नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकच्या दिशेनं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एक वस्ती उभी केली. तिचं नाव ठेवलं शरणपूर. आज शरणपूर रोडवरून जाताना दुकानांच्या पाट्यांतून हे नाव रोज डोळ्यांवर येतं आणि मागे पडतं. तेव्हा मात्र ते शब्दशः खरं होतं. बाप्तिस्मा घेतल्यामुळे घरचं दार बंद झालेली मराठी माणसं तिथं येत, अनाथ पोरं येत. आणि काही वर्षांतच तिथं अशी मुलं येऊ लागली ज्यांना नाशिककरांनी कधी पाहिलं नव्हतं.

पूर्व आफ्रिकेच्या आतल्या गावांवर टोळ्या पडत. घरं जाळून माणसं पकडत, मानेला लाकडी जू अडकवून किनाऱ्यापर्यंत चालवत, झांजिबारच्या बाजारात विकत आणि शिडाच्या गलबतांत कोंबून अरबस्तान-इराणच्या दिशेनं पाठवत. इंग्रज आरमाराची जहाजं समुद्रात ही गलबतं अडवत. अडवलेल्या गलबतांतली काही पोरं मुंबईच्या बंदरात उतरवली जात. आता त्यांचं करायचं काय? परत कुठं पाठवणार? गाव जळालेलं, आईबाप गेलेले किंवा कुठं विकले गेलेले, आणि वयच इतकं कोवळं की आपल्या गावाचं नावही धड सांगता येत नाही. त्यातली बरीच शरणपुरात आली. तिथं त्यांच्यासाठी एक निवारा होता. सुतारकाम, लोहारकाम शिकवत, लिहायला-वाचायला शिकवत, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई. मुलांना नवी नावं मिळाली. एक सायमन झाला आणि त्याला प्राइस हे आडनाव लागलं. एक कॅरस फरार झाला, आणि फरार नावाचे मिशनरी नाशकात आधी काम करून गेलेले होते. कुणी मॅथ्यू वेलिंग्टन, कुणी विल्यम जोन्स. याओ लोकांतला एक मुलगा जेकब वेनराइट झाला.

परक्या नावांबद्दल आज आपण प्रश्न विचारू, आणि विचारायलाच हवेत. पोराचं स्वतःचं नाव, आईनं हाक मारलेलं, कुठं गेलं? ते दुःख शरणपूरला पुसता आलं नाही. पण ज्या पोराची कालपर्यंत किंमत ठरत होती, त्याला इथं कुणी किंमत विचारली नाही, हेही तितकंच खरं आहे. गोदावरीच्या काठच्या त्या गावात, आजूबाजूला मराठी बोलणारी माणसं, वाड्यावस्त्या, देवळांच्या घंटा, बाजाराचा गलका, आणि मधोमध ही पोरं रंधा मारताहेत, भाता ओढताहेत, फळ्यावरची अक्षरं गिरवताहेत. नाशिकच्या ख्रिस्ती परंपरेची आठवण निघते तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. जवळच्या जलालपूरची ती मुलगी, १९३६ मध्ये नाशकातच तिनं डोळे मिटले. पण या आफ्रिकी पोरांची नावं आपण फारशी घेत नाही. तीही नाशिकचीच होती.

लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईला आला तेव्हा त्याला सोबती हवे होते, आफ्रिकेच्या भाषा जाणणारे. तो शरणपूरला आला. नऊजण तयार झाले आणि १८६६ च्या सुरुवातीला त्याच्याबरोबर निघाले. त्यांची गोष्ट सगळीच गोड नाही. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्या आळसाच्या, भांडणांच्या तक्रारी आहेत. त्यांतला रिचर्ड पहिल्याच काही महिन्यांत आजारानं गेला. काहीजण वाटेत थकले, काहींनी पुढे यायला नकार दिला. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या वाटेवर आपल्याला बांधून आणलं तीच वाट, तेच सांगाडे कडेला, त्याच गुलामांच्या रांगा समोरून येताहेत. शाळेतली प्रार्थना पाठ असणं वेगळं आणि त्या वाटेवर पाय टिकणं वेगळं. तरी नऊंपैकी एडवर्ड गार्डनर आणि नॅथनिएल माब्रुकी हे दोघं शेवटपर्यंत टिकले. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी माणसं पाठवली गेली, त्यांत शरणपूरचे आणखी काहीजण निघाले. जेकब, कॅरस आणि मॅथ्यू त्यांतले.

आता पुन्हा चितांबोच्या गावी.

माणसं जमली. कुणाला पुढारी करायचं? सुसी आणि चुमा सर्वांत जुने. १८६४ पासून ते लिव्हिंग्स्टनबरोबर होते, उपासमार आणि वाट दोन्ही त्यांनी पाहिली होती. सगळ्यांनी त्यांना सांगितलं, तुम्ही म्हणाल तसं. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकून बाप्तिस्मा घेतलेला. सुसी ख्रिस्ती नव्हता. तांड्यातले बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते. शाळेत शिकलेल्या, पुस्तक वाचता येणाऱ्या जेकबनं सुसीचा हुकूम मानला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. श्रद्धेनं माणूस उंच होतो असा समज आपल्या मंडळ्यांतही असतो, आणि मग ज्याला अधिक वचनं पाठ तो पुढच्या बाकावर बसतो. तिथं, त्या रानात, वचनं पाठ असणाऱ्यानं वहीचं काम घेतलं आणि वाट ठरवण्याचं काम वाट जाणणाऱ्याकडे सोपवलं.

सर्वांनी मिळून एक निर्णय घेतला. तो ऐकून आजही अंगावर काटा येतो. मृतदेह इथं ठेवायचा नाही. किनाऱ्यापर्यंत न्यायचा, त्याच्या माणसांच्या हाती द्यायचा. त्या मुलखात प्रेत घेऊन गावातून जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं. प्रत्येक सरदार दंड मागेल, प्रत्येक गाव वाट अडवेल. म्हणून आधी त्यांनी मृत्यू लपवून ठेवला. पण चितांबोला कळलंच. तो रागावला नाही. घाबरता कशाला, मीही किनाऱ्याकडे जाऊन आलेला माणूस आहे, तुमचा हेतू मला समजतो, असं काहीसं तो म्हणाला. त्याचा सल्ला होता, इथंच पुरा, एवढी वाट जमणार नाही. त्यांचं मन वळत नाही हे पाहिल्यावर तो आपल्या लोकांना घेऊन, ढोल वाजवत, शोक करायला आला. त्यानं कधी बायबल उघडलं नव्हतं. शेजाऱ्याच्या मढ्याला मान द्यावा हे मात्र त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

गावाबाहेर एक उघड्या छपराची झोपडी बांधली, भोवती उंच कुंपण घातलं, रानातली जनावरं येऊ नयेत म्हणून. तांड्यातल्या फर्जल्लानं हत्यार चालवलं. तो पूर्वी झांजिबारला एका डॉक्टरच्या हाताखाली राहिला होता. कॅरस फरार त्याच्या मदतीला होता. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि एका मोठ्या झाडाखाली चारेक फूट खोल खड्ड्यात उतरवली.

मग जेकबनं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

इंग्रजीतला दफनविधी त्यानं वाचला, अँग्लिकन चर्चमध्ये वाचतात तोच. शरणपुरात त्यानं तो किती वेळा ऐकला असेल, कुणाच्या कबरीपाशी, हे त्यालाच ठाऊक. अनाथांच्या वस्तीत मातीही वरचेवर द्यावी लागते. तिथं उभं राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना शब्द कळले नसतील. पण तो का वाचतो आहे हे त्यांना कळलं. सुसीला कळलं. चितांबोच्या माणसांनाही कळलं असावं. ज्याला लहानपणी माल म्हणून मोजलं गेलं, तो एका गोऱ्या माणसाच्या हृदयावर माती पडताना त्याच्यासाठी देवाकडे शब्द मागत होता. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जू घातलं तेव्हा असा शेवट त्यांच्या हिशोबात नक्कीच नव्हता. विधी संपल्यावर जेकबनं त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. चितांबोनं वचन दिलं की झाडाभोवतीचं गवत आपण काढत राहू, म्हणजे वणव्यानं झाड जळणार नाही.

विधी किती वेळ चालला असेल? पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. पुढचं काम नऊ महिन्यांचं होतं.

देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात वाळवला. रोज एकदा कूस बदलायची. रात्री पहारा. मग कापडात गुंडाळून, झाडाच्या सोलून काढलेल्या सालीच्या नळकांड्यात घालून, वरून शिडाचं कापड शिवलं आणि एका दांड्याला बांधलं. पुढे एक, मागे एक. आपल्याकडे पालखीला खांदा बदलतात तसे ते दमले की खांदा बदलत असतील. वारीत गावोगाव रस्त्याच्या कडेला पाणी घेऊन लोक उभे असतात. यांच्या वाटेवर गावं दारं लावून घेत होती.

निघाल्यावर काही दिवसांतच जवळजवळ सगळा तांडा तापानं पडला. काहीजण त्या वाटेतच गेले. एका तटबंदी गावाशी लढाई झाली. मग पुढे, कासेकेरा इथं, गावकऱ्यांनी प्रेत पुढे न्यायला साफ मनाई केली. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. आता आम्ही परत जाऊन पुरतो, असं जाहीर केलं. ज्वारीसारखी ताटं कापून, कापडात गुंडाळून, हुबेहूब प्रेतासारखं गाठोडं बांधलं आणि संध्याकाळी मान देत ते खोटं प्रेत मागच्या दिशेनं पाठवलं. रात्र पडल्यावर त्या माणसांनी एकेक ताट लांब लांब रानात फेकून दिलं, कापडही टाकून दिलं, आणि चुपचाप सोबत्यांना येऊन मिळाले. खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा, व्यापारी मालासारखा बांधून पुढे गेला. एके काळी माणसांना मालासारखं बांधून नेलेली हीच वाट.

पण सर्वांत कठीण क्षण शत्रूकडून आला नाही. त्याआधी, ऑक्टोबर १८७३ मध्ये, उन्यान्येम्बे इथं त्यांना इंग्रजांचीच एक तुकडी भेटली. लेफ्टनंट कॅमेरॉन लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी निघाले होते, त्यांना ही बातमी मिळाली. त्यांनी सांगितलं, देह इथंच पुरा, वाट धोक्याची आहे, लिव्हिंग्स्टनची बायकोही आफ्रिकेच्या मातीतच आहे. सल्ला चांगल्या मनानं दिलेला होता आणि देणारा गोरा अधिकारी होता. आता ओझं खाली ठेवलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. घरी परतायला इतकं सोयीचं कारण पुन्हा मिळणार नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नम्रपणे नाही म्हटलं. त्यांनी दांडा पुन्हा उचलला.

माझ्या मते या गोष्टीचा मध्य इथं आहे. प्रार्थना करून झाल्यावर, माती टाकून झाल्यावर, खरं तर सगळं झाल्यासारखं वाटतं. आपण रविवारी चर्चमधून बाहेर पडतो तेव्हा हाच हलकेपणा आपल्याला वाटतो. जेकबला आणि त्याच्या सोबत्यांना तो वाटला असता तर त्यांना दोष देता आला नसता. पण त्यांनी आपल्या प्रार्थनेचं वजन नऊ महिने खांद्यावर ठेवलं, आणि ती प्रार्थना ज्यांची नव्हती अशांनीही तेवढ्याच मनानं खांदा दिला. येशूनं शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली ती याच अर्थानं. मंदिरातली माणसं बाजूनं निघून गेली आणि परका खाली वाकला. त्या तांड्यात मंदिरातलाही वाकला आणि परकाही. एका दांड्याची दोन टोकं त्यांनी धरली.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते समुद्रकाठी बागामोयोला पोचले. हजार मैलांहून जास्त वाट झाली होती. सरकारी अधिकाऱ्यानं देह ताब्यात घेतला आणि माणसांचा पगार चुकता केला. बस, एवढंच. सुसी, चुमा, गार्डनर, कॅरस, मॅथ्यू, सगळ्यांना तिथूनच निरोप. देहाबरोबर इंग्लंडला जायला फक्त एकालाच मिळालं, चर्च मिशनरी सोसायटीनं खर्च केला म्हणून, जेकबला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा शवपेटीच्या कडेला चाललेल्या आठांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता, हेन्री स्टॅन्ली या प्रवाशाच्या बरोबरीनं. सुसी आणि चुमा नंतर कुणा मित्राच्या खर्चानं इंग्लंडला पोचले, तोवर कबर बंद झाली होती. पुढे तांड्यातल्या साठजणांसाठी पदकं पाडली गेली, पण माणसं पांगली होती आणि बहुतेकांच्या हाती ती कधी पडली नाहीत. हे लिहिताना मन खट्टू होतं. ज्यांनी सगळा भार उचलला त्यांना शेवटच्या दहा पावलांतून वगळलं गेलं. तरी त्यांनी ते ओझं मान मिळवायला उचललं नव्हतं, हेही त्यांच्या त्या नकारातून स्वच्छ दिसतं. जेकबचं पुढचं आयुष्य आफ्रिकेतच गेलं. १८९२ मध्ये उरंबो इथं तो वारला. सुसीनं १८८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि डेव्हिड हे नाव घेतलं.

गोष्ट इथं थांबली असती तर ती एका मोठ्या माणसाच्या चाकरांच्या निष्ठेची गोष्ट ठरली असती. तशी ती नाही, कारण शरणपूरच्या दुसऱ्या एका मुलानं दाखवलं की हा खांदा मोठ्या माणसापुरता नव्हता.

विल्यम जोन्स. त्यालाही लहानपणी पकडून विकलं होतं, तोही शरणपुरात वाढला. १८६४ मध्ये तो जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेम्लर या सोबत्यांबरोबर नाशिकहून मोंबासाला गेला. मोंबासाजवळच्या राबई या मिशनच्या गावात तो काम करू लागला. १८७५ मध्ये प्राइसनी मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन ही वस्ती वसवली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. शरणपूरच्या आफ्रिकी मंडळींपैकी बरेचजण तिकडे गेले, शिक्षक, सुतार, उपदेशक म्हणून. समुद्रातल्या व्यापारावर बंदी आली होती, पण किनाऱ्यावरच्या मळ्यांत गुलामी कायदेशीरच होती. मळ्यांतून पळून आलेले गुलाम रात्री राबईला येऊ लागले. मिशनला वरून ताकीद होती, पळपुट्यांना आसरा देऊ नका, मालक चिडतील, सरकार अडचणीत येईल, मिशन बंद पडेल. हे भय खोटं नव्हतं. मळेवाले हत्यारं घेऊन वस्तीवर चालून येण्याच्या धमक्या देत होते.

तांडे घेऊन जाणं जोन्सलाही ठाऊक होतं. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर तो आतल्या मुलखात गेला. बिशप मारले गेले, आणि माणसांना सुखरूप परत आणायची जबाबदारी जोन्सवर आली. १८८६ च्या सुरुवातीला तो तांडा राबईत परतला तेव्हा पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत जुन्या करारातलं ईखाबोद हे नाव. गौरव निघून गेला, असं सांगणारं. त्या सफरीआधी, १८८५ मध्येच, जोन्सला डीकनपदाची दीक्षा मिळाली होती. राबईची मंडळी त्याच्या हाती होती, उपासना, बाप्तिस्मे, शाळा, सगळं. आणि रात्री दाराशी येणारी माणसंही.

त्यानं त्यांना परत पाठवलं नाही. राबईच्या आसपासच्या टेकड्यांवर झोपड्या वाढत गेल्या. रविवारी चर्चमध्ये मुक्त झालेले, पळून आलेले आणि मूळचे गावकरी एकाच बाकावर बसू लागले. त्यांतला कुणी कायद्यानं अजून कुणाची तरी मालमत्ता होता. जोन्सनं बाकांची विभागणी केली नाही. स्वतःला किमतीचा शिक्का बसलेला माणूस दुसऱ्याचा शिक्का पाहत बसत नाही, असं मला वाटतं. शरणपुरात त्याला कुणी मालक कोण असं विचारलं नव्हतं. त्याच्या सगळ्या धर्मशिक्षणातला हा धडा त्याला सर्वांत पक्का बसला होता.

१८८८ मध्ये प्राइस पुन्हा मोंबासाला आले. आता ते म्हातारे झाले होते. त्यांनी राबईत चौकशी केली तेव्हा शेकडो पळून आलेले गुलाम मिशनच्या जमिनीवर राहत असल्याचं उघड झालं. प्राइस हादरले. ज्यांनी नाशकात शरणपूर वसवलं त्यांनाच या नव्या शरणपूरची भीती वाटली, आणि ती साहजिक होती, कारण आता ते एका मोठ्या संस्थेचं ओझं वाहत होते. मिशननं नियम मोडला म्हणून गहजब झाला. मालक आपली माणसं परत मागायला आले. पण इतक्या जणांना परत बांधून पाठवायचं कसं? हा हुकूम द्यायला कुणाची जीभ उचलेना.

अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला देऊन तोडगा काढला. १ जानेवारी १८८९ रोजी राबईत मुक्तीचे कागद वाटण्यात आले. प्राइस त्या दिवशी तिथं हजर होते. कागद घेणाऱ्यांची संख्या चौदाशेहून जास्त होती, आणि नावं पुकारण्याचं काम दिवसभर चाललं.